गाईला पाणी दाखवा

गाय पाणी पीत नव्हती.

आता गाईनं पाणी प्यायला काय लागतं, तुम्हीच सांगा. मे महिना, उमापूरजवळच्या माळावरची चारा छावणी, सकाळीच अंगाची लाही करणारं ऊन, आणि पुढ्यात काठोकाठ भरलेलं पितळेचं घंगाळ! त्या साली सगळ्या बीड जिल्ह्यात टँकर दिसला की बाया हंडे घेऊन पळत सुटायच्या. आणि इथं तांबू नावाची ही लालभडक गाय पाण्यात नाक घालायची, फुर्र करून ते उडवायची, आणि मान वळवून कॅमेरामन जोसेफकडं बघत निवांत रवंथ करायची. जोसेफ मुंबईचा. तो घामानं निथळत होता आणि प्यायला पाणी मागत होता. म्हणजे प्यायचं त्याला होतं आणि पाणी गाईपुढं होतं.

"कट," शिवकन्या म्हणाली. कितव्यांदा म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ही शिवकन्या टीव्हीच्या जाहिराती करायची. करायची म्हणजे दुसऱ्यांच्या जाहिरातींत राबायची. साबण झाला, बनियन झाला, डोकेदुखीची गोळी झाली. मोठे दिग्दर्शक खुर्चीत बसायचे आणि ही त्यांच्या मागंपुढं उन्हातान्हात धावायची. ऐन तारुण्याची वर्षं त्यात गेली. ही दुधाची जाहिरात तिची स्वतःची पहिली. जाहिरातीत करणाऱ्याचं नाव येत नाही, पण त्या धंद्यातल्या माणसाला बरोबर ठाऊक असतं कुठली कुणाची ते. एक चांगली झाली की दारात रांग लागते, आणि पहिलीच फसली की पुन्हा दुसऱ्याच्या खुर्चीमागं उभं राहायचं. शिवकन्याला आता ते उभं राहणं नको होतं. नको म्हणजे नको.

जाहिरात होती इथल्याच दूध संघाची. संघाचे चेअरमन विठ्ठलराव मोठे हिकमती गृहस्थ. शहरात कुणीतरी उठवलं होतं की दुष्काळी भागातलं दूध म्हणजे नुसतं पाणी आणि पावडर. विठ्ठलरावांना ते फार झोंबलं. ते म्हणाले, आमच्या संघानं छावणी उघडलीय, आमची जनावरं दुष्काळातसुद्धा पोटभर पाणी पितात, हे सगळ्या महाराष्ट्राला दिसू द्या. दुधात पाणी नाही हे पटवायला दुधाच्याच जाहिरातीत पाणी दाखवायचं! पण मुंबईच्या जाहिरात कंपनीला कल्पना आवडली. तहानलेली गाय पाण्यावर येते, घटाघटा पिते, आणि मग शहरातलं गोरंगोमटं पोर दुधाचा पेला तोंडाला लावतं. पोराचं चित्रण मुंबईत उरकलं होतं. राहिली होती गाय.

आणि कंपनीच्या बक्षीसाहेबांनी हे काम शिवकन्याला कावून दिलं म्हणता? ती तिथली म्हणून. "तू उधर की है ना?" त्यांनी विचारलं होतं. "गाववाले तेरी बात मानेंगे." तिच्या सगळ्या हुशारीपेक्षा तिचं बीडचं असणं कामाला आलं. तेव्हा तिला त्याचं बरंच वाटलं होतं.

आता तेच बक्षीसाहेब छत्रीखाली बसून चित्र दिसणाऱ्या छोट्या पडद्याकडं बघत होते आणि काही बोलत नव्हते. हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. कॅमेरा खास भाड्यानं आणलेला, एका घोटाचे दहा घोट करून संथ दाखवणारा. तो दिवस मावळता परत निघणार होता. येताना गाडीत साहेबांनी सहज सांगून ठेवलं होतं, आज नाही जमलं तर हैदराबादला शिकवलेल्या गाई मिळतात, तिकडं दुसरं कुणीतरी करेल. दुसरं कुणीतरी! शिवकन्याच्या डोक्यात तेवढे दोनच शब्द राहिले होते.

सूर्य वर आला. जोसेफनं मान हलवली. उजेड पांढराफटक झाला, आता यात गाईचा लाल रंग उठायचा नाही.

शिवकन्या तरातरा गाईच्या मालकिणीकडं गेली. छबुबाई म्हणजे पन्नाशीतली काटक बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जनावरांचं सगळं स्वतः करायची. गावाकडची विहीर आटली तशी तांबूला घेऊन छावणीत येऊन राहिली होती, ताडपत्री बांधून. आज तिनं तांबूच्या शिंगांना हिंगूळ लावला होता, गळ्यात घुंगुरमाळ घातली होती, आणि स्वतः ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. तिला कुणी चित्रात घेणार नव्हतं, तरी.

"मावशी, हिला झालंय तरी काय? आजारी आहे का?"

"आजारी पडो हिचा दुश्मन! टनटनीत हाय माजी तांबू," छबुबाई फणकारली. "प्वाट भरलंय तिचं. कशाला पील ती?"

"भरलंय? कशानं?"

"आँ? तुमीच सांगून गेलताव की काल. आमी यायच्या आधी गाईला पानी दाखवून ठेवा म्हनून. मंग दाखवलं. तुमी एकदा म्हनलाव, म्या दोनदा दाखवलं. म्हनलं टीव्हीवर जायची हाय, जरा टवटवीत दिसू द्या."

शिवकन्याच्या पायाखालची जमीन सरकली. "पण नुसतं दाखवलंत ना? लांबून?"

"नुसतं?" छबुबाईनं आजूबाजूच्या बायांकडं बघितलं. "ऐका गं बायांनो! जनावराला नुसतं पानी दाखवत्यात व्हय? ती काय पोरगी हाय, पाव्हन्याला दाखवून आत न्यायला? दाखवलं म्हंजी पाजलं. ह्ये घंगाळ पार रिकामं केलं तिनं. म्या पुन्ना भरलं, त्ये बी निम्मं केलं."

बाया खळखळून हसल्या. शेजारच्या दावणीची मंजुळाबाई तर पदर तोंडाला लावून खाली बसली.

हसू नाही तर काय करतील! आमच्याकडं जनावराला पाणी पाजलं असं कुणी म्हणत नाही, पाणी दाखवलं असंच म्हणतात. पाण्यावर न्यायचं, पुढ्यात पाणी ठेवायचं, आणि त्याला हवं तेवढं पिऊ द्यायचं. सासरी गेलेली लेकसुद्धा फोनवर आधी विचारते, गुरांना पाणी दाखवलं का. शिवकन्यानंही लहानपणी हे ऐकलं असणारच. पण ती वाढली कडा गावात, साखर कारखान्याच्या कॉलनीत. वडील चिटबॉय, उसाच्या नोंदी करत शिवारभर सायकलवर फिरायचे. घरी नळ, आणि जनावर म्हणाल तर एक मांजर. पुढं मुंबईत गेल्यावर दाखवणं म्हणजे शॉट दाखवणं, जागा दाखवणं, साहेबाला दाखवणं. गाय पितळेच्या भांड्याला बुजू नये, म्हणून आधी लांबून ओळख करून द्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

तिनं बक्षीसाहेबांना सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग होता! साहेब आधी हसले. मग हसणं थांबवून त्यांनी आभाळाकडं बघितलं.

"शाम को करेंगे. रोशनी अच्छी मिलेगी," ते म्हणाले. "तब तक प्यासी रखो."

हिंदीत ते किती सोपं वाटलं! एखादं सामान सावलीत ठेवा म्हणावं तसं.

विठ्ठलराव तिथंच उभे होते. दुधाळ गाय, असलं ऊन, आणि संघाच्या छावणीत जनावर पाण्यावाचून ठेवलं अशी बातमी कुणी छापली तर? ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक येऊन गेलं. त्यांनी पांढरी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"ताई, आपल्याला गेवराईला मीटिंग आहे," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा. मी इथं नव्हतो, अन् मी काही ऐकलं नाही." आणि गाडी धुरळा उडवत निघूनसुद्धा गेली. पुढारी मोठा व्हायचा म्हणजे कान असे वेळेवर मिटता आले पाहिजेत.

राहिली शिवकन्या. हे छबुबाईला आता तिनंच सांगायचं होतं, तेही मराठीत. ती ताडपत्रीखाली गेली. छबुबाई तांबूच्या मानेवरच्या गोचिडी काढत होती.

"मावशी, संध्याकाळपर्यंत तांबूला पाणी दाखवू नका."

या वेळी शब्द अगदी बरोबर पडला. छबुबाईचा हात थांबला. पलीकडं मंजुळाबाई कडबा तोडत होती, तिचाही थांबला.

"कावून?"

"कॅमेऱ्यापुढं ती खरोखर तहानेनं प्यायला पाहिजे. पोट भरलेलं असलं की सकाळसारखंच होईल."

"तान्ह खोटी करता येत न्हाई व्हय? टीव्हीत तर समदं खोटंच असतंय म्हनत्यात. मानसं मरत्यात काय, उठून बसत्यात काय."

"माणसाला करता येतं, मावशी. गाईला येत नाही."

छबुबाईनं तांबूच्या कासेवर हात ठेवला. "दुभती हाय," ती म्हणाली. "लई ऊन हाय आज."

"मला माहितीय. पण मावशी, आज झालं नाही तर हे काम माझ्या हातून जाईल. पहिलंच काम आहे माझं." हे बोलताना शिवकन्याचा आवाज कापला. तो मुद्दाम कापवला नव्हता, खरंच कापला होता. पण कापला ते कामी आलं, हेही तिच्या लगेच ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

छबुबाई काही साधीभोळी नव्हती बरं का. तिचाही जीव त्या टीव्हीत अडकला होता. सुनेला, लेकीला, भावकीत सगळ्यांना निरोप गेले होते. छावणीतल्या एवढ्या जनावरांतून तांबूला निवडली म्हणून चार दिवस ती सगळ्यांपुढं मान ताठ करून फिरत होती. आता नाही म्हटलं तर मंजुळाबाई उद्यापासून जगू द्यायची नाही.

"कड्याच्या न्हाई का तुमी?" तिनं शेवटी विचारलं. "आपलंच मानूस. ह्यो मुंबईवाला म्हनला असता तर म्या दावं सोडून सरळ गावाकडं चालू लागले असते. तुमी म्हनताव म्हनून ठिवते. पर दिवस कलला की लगीच उरका."

"लगेच उरकते, मावशी."

गाववाले तेरी बात मानेंगे. मानली की हो! शिवकन्या ताडपत्रीबाहेर आली तेव्हा आपण जिंकलो का काय केलं, तिला कळेना.

मग सुरू झाली ती दुपार.

दुपारी छावणीचा टँकर आला. बादल्यांचा खणखणाट सुरू झाला तशी सगळी जनावरं उठून उभी राहिली. दावणीदावणीनं पाणी फिरायला लागलं. मंजुळाबाईच्या म्हशीनं बादलीत तोंड खुपसलं. तांबू दाव्याला ताण देऊन उभी राहिली. आपली बादली येईल म्हणून तिनं कान पुढं केले. बादली आली नाही. तिनं एकदा हंबरून बघितलं, मग पुन्हा, मग थांबेचना.

"अगं छबे, गाय वरडायली! बहिरी झालीस का काय?" लांबून कुणीतरी म्हणालं.

"तिचं सांजच्याला हाय," छबुबाई उत्तर द्यायची. "टीव्हीवाल्यांचं हाय." पहिल्यांदा ऐटीत म्हणाली. पुढं पुढं नुसतं हात हलवायला लागली.

शिवकन्या गाडीत बसली होती. प्रत्येक हंबरण्याला तिला घड्याळ बघावंसं वाटायचं आणि बघितलं की काटा तिथंच. गाईला काही झालं तर? चक्कर येऊन पडली तर? संध्याकाळी एवढं करूनही प्यायली नाही तर? ऐन वेळी आभाळ आलं तर? या आभाळाकडं अख्खा जिल्हा डोळे लावून बसला होता आणि ही एकटी बाई मनातून म्हणत होती, आज नको रे बाबा. तिला भयंकर तहान लागली. बाटली जवळ होती, पण समोर ती गाय दिसत होती. शेवटी ती सीटच्या खाली वाकली आणि चोरासारखी घटाघटा प्यायली. लाज वाटली, पण पाणी पोटात गेल्यावर बरंही वाटलं.

वर बघते तर छबुबाई ओला फडका घेऊन तांबूचं नाक आणि ओठ पुसत होती. तांबू तो फडका चाटत होती, चोखत होती.

जोसेफनंही ते बघितलं. तो काचेजवळ आला. "मॅडम, तोंड कोरडं दिसायला हवं. क्लोजअप आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याला सांगताना बरं वाटत नव्हतं, पण त्याचं काम ते होतं.

शिवकन्या उतरून गेली. "मावशी, ओला फडका नको."

या वेळी छबुबाईनं कावून म्हणून विचारलं नाही. तिनं फडका पिळला नाही की झटकला नाही, घडी करून मांडीखाली ठेवला आणि गाईकडं पाठ करून बसली. त्यानंतर तांबूही हंबरायची थांबली. नुसती उभी राहिली, मान खाली घालून. हंबरत होती ते परवडलं, असं शिवकन्याला झालं.

उन्हं कलली एकदाची. माळ सोन्यासारखा पिवळा झाला. गेवराईची मीटिंग बरोबर वेळेवर आटोपून विठ्ठलराव हजर झाले. सावलीत झाकून ठेवलेलं घंगाळ चौघांनी उचलून खुणेवर आणून ठेवलं. संध्याकाळच्या उजेडात पितळ असं चमकलं की बक्षीसाहेब छत्रीखालून उठून उभे राहिले. सगळी छावणी लांब कोंडाळं करून बघत होती. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

"कॅमेरा," शिवकन्या म्हणाली. "मावशी, सोडा."

छबुबाईनं दावं सैल केलं मात्र, तांबू चालत आलीच नाही, झेपावली. ठरलेली चाल, ठरलेली खूण, सगळं राहिलं बाजूला. तिनं डोळ्यांपर्यंत तोंड पाण्यात घातलं. शिवकन्याचा जीव अक्षरशः भांड्यात पडला. मानेवरून घोट खाली जाताना दिसत होते, एकामागं एक. छबुबाईनं ओठांचा चंबू करून बारीक शीळ घालायला सुरुवात केली. जनावर पाणी पिताना अशी शीळ घालायची असते. बायामाणसानं शीळ घालू नये म्हणतात, पण तिच्या घरी घालणारा दुसरा होता कोण? त्या शिळेच्या तालात तांबू पीत होती, आणि बघणाऱ्या सगळ्यांच्या घशाखालून काहीतरी उतरत होतं.

"सॉरी," जोसेफ पुटपुटला. "ती एकदम पुढं आली. तोंड धूसर आलंय, मॅडम. सगळंच्या सगळं."

बक्षीसाहेबांनी पडद्यावर बघितलं आणि बोट वर केलं. "वन मोअर. जल्दी. पीछे लो उसको, अभी प्यासी है. पेट भर गया तो खतम."

शीळ थांबली. छबुबाईला हिंदी येत नव्हती, पण मागं घ्या म्हटलेलं कळायला हिंदी लागत नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "पान्यावरनं गाय उठवत न्हाईत. पाप हाय त्ये."

"छबुबाई," विठ्ठलराव म्हणाले, "दोन मिनिटांचा प्रश्न आहे. पुन्हा प्यायचीच आहे तिला."

"साहेब, पिऊ द्या तिला. पुन्ना उद्या ठिवा तान्हेली, मला ठिवा, पर आता पिऊ द्या."

उद्या नव्हता. उद्या कॅमेरा मुंबईत असणार होता आणि जाहिरात हैदराबादला. घंगाळातलं पाणी बघता बघता खाली चाललं होतं. सगळे शिवकन्याकडं बघायला लागले. बक्षीसाहेब, जोसेफ, चेअरमन, ती कोंडाळ्यातली माणसं.

"मावशी," ती म्हणाली, "घ्या मागं. माझ्यासाठी."

छबुबाईनं दाव्याचं टोक शिवकन्याच्या हातात दिलं. "तुमी वढा," ती म्हणाली. "माज्यानं व्हनार न्हाई."

आता इथं कुणी म्हणेल, तिनं दावं टाकून द्यायचं होतं. म्हणायला आपलं काय जातं! तिनं दावं हाताला गुंडाळलं आणि ओढलं.

तांबू हलली नाही. शिवकन्यानं पाय रोवले आणि सगळा जीव लावून हिसडा दिला. तांबूची मान वर आली. तोंडातलं पाणी ओठांवरून, हनुवटीवरून धारांनी खाली पडायला लागलं, उजेडात चकाकत. तिनं डोळे पूर्ण उघडून कोण ओढतंय ते बघितलं. ती मारायला धावली नाही, की हंबरली नाही. तिला काही कळलंच नव्हतं. नुसती बघत राहिली. मग तिचा पुढचा पाय घंगाळाच्या काठावर पडला, घंगाळ कलंडलं, आणि उरलेलं पाणी मातीत गेलं. भेगाळलेली माती ती, फेससुद्धा राहिला नाही.

"संपलं," शिवकन्या म्हणाली. ती तिथंच मातीत बसली. सगळं संपलं होतं. पाणी गेलं, गाय गेली, काम गेलं. या बाईचा विश्वास तर त्याआधीच गेला होता. कॅमेऱ्याची घरघर अजून चालूच होती. कट म्हणायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

छबुबाईनं तिच्या हातातून दावं सोडवून घेतलं आणि तांबूला घेऊन पळत छावणीच्या हौदाकडं गेली. हौदात तळाला गाळ होता. मंजुळाबाईनं, जी चार दिवस जळत होती, तिनं आपल्या ताडपत्रीखालची झाकून ठेवलेली बादली आणून ठेवली आणि निघून गेली. शिवकन्या उठून तिकडं जायला निघाली होती. खरंच निघाली होती.

"शिवकन्या!" बक्षीसाहेब ओरडले. दिवसात पहिल्यांदाच. "इधर आ. ये देख!"

छोट्या पडद्यावर तांबू पाण्यातून मान वर करत होती. संथ, अगदी संथ. ओढणारं दावं चौकटीच्या बाहेर होतं. हनुवटीवरून पाण्याचे मोती ओघळत होते, मागं मावळतीचा सोनेरी माळ, आणि ते भले मोठे काळेभोर डोळे सरळ बघणाऱ्याकडं बघत होते.

"यही है," बक्षीसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे चक्क ओले झाले होते. "क्या तृप्ती है यार! पेट भर के पिया है!" विठ्ठलरावांनी हात जोडले. जोसेफ मात्र कॅमेरा पेटीत ठेवत होता, त्यानं वर बघितलं नाही.

जाहिरात लागली आणि गाजली. तांबू मान वर करते तेव्हा पडद्यावर अक्षरं यायची, 'पोटभर समाधान'. शहरातल्या बाया म्हणायच्या, गाईच्या डोळ्यांत किती शांती आहे बघा. धंद्यातली माणसं म्हणायची, जनावराकडून अभिनय करून घेतलाय पोरीनं. संघाचं दूध दुपटीनं खपायला लागलं. शिवकन्याला सिमेंटचं काम आलं, मसाल्याचं आलं, मग एका बँकेचं आलं. आता खुर्चीत ती बसायची आणि दुसरी कुणी पोर तिच्या मागंपुढं धावायची. कुठं दुकानात, हॉटेलात टीव्हीवर ती जाहिरात लागली की ती पाकिटात काहीतरी शोधायला लागायची.

दिवाळीच्या तोंडावर एक फोन आला.

"ताई, वळखलं का? म्या छबुबाई. तांबूची."

शिव्या घालणार, असंच शिवकन्याला वाटलं. घातल्या असत्या तर तिनं ऐकूनही घेतल्या असत्या.

पण छबुबाई खुशीत होती. विहिरीला पाणी आलं होतं. तांबू बरी होती, पुन्हा गाभण होती. जाहिरात लागायच्या वेळेला गल्लीतली सगळी पोरं घरात येऊन बसायची. सोयरेधायरे तांबूला बघायला यायचे, कपाळाला कुंकू लावून जायचे. "लई नाव झालं बगा तिचं. तुमच्यामुळं झालं."

"मावशी, त्या दिवशी मी..."

"त्ये जाऊ द्या. एक इचारू का? राग तर न्हाई येनार?"

"विचारा ना."

"ती जाहिरात जराशी वाढवता यील का हो?" छबुबाई अडखळत म्हणाली. "म्हंजी बगा, रोज लागती अन् रोज तिला अर्ध्यावरनंच वढत्यात. समदे बघत्यात, मला बघवत न्हाई. म्या उठून चुलीकडं जाते. तुमचं ऐकत्यात म्हनं तिथं आता. येकदा तरी तिला पुरं पिऊ द्या की."

जाहिरातीची वेळ ठरलेली असते, पुढचं चित्रणच नाही, घंगाळ तर सांडलं होतं, असं शिवकन्याला पुष्कळ काही सांगता आलं असतं.

"बघते, मावशी," ती म्हणाली.

"बगा, बगा," छबुबाई म्हणाली. "घाई न्हाई."